एक्स्पेडाइट म्हणजे नुसती घाई नव्हे गं

प्रिय सोनू,

काल रात्री तू मेलचा ड्राफ्ट पाठवलास, आई एकदा बघ म्हणालीस, बघितला. बाकी ठीक आहे पण ते "प्लीज एक्स्पेडाइट फास्ट" वाचून हसू आलं. फोनवरच सांगणार होते पण तू सदा गडबडीत आणि मी एकदा सुरू झाले की थांबत नाही, म्हणून लिहितेच.

आपण म्हणतो ना, सगळं नीट चाललं होतं आणि मधेच अमक्याने खोडा घातला? तर खोडा म्हणजे खराखुरा लाकडाचा ओंडका, भोकं पाडलेला, कैद्याचे पाय त्यात अडकवून ठेवायचे. आता लॅटिन बघ. पेस म्हणजे पाऊल, त्याचंच रूप पेडिस, आणि एक्स म्हणजे बाहेर. एक्स्पेडिरे म्हणजे अडकलेला पाय मोकळा करणे. त्याच्या बरोब्बर उलट इम्पेडिरे, पाय अडकवणे, त्यावरून इंग्रजीत इम्पीड आलं. म्हंजे इम्पीड करणं हे आपलं खोडा घालणं, आणि एक्स्पेडाइट करणं म्हणजे तो खोडा काढणं! कुठे ते रोमन आणि कुठे आपण, पण दोघांनाही अडलेलं काम म्हटलं की पायच आठवला. बातम्यांत इम्पीचमेंट, म्हणजे महाभियोग, ऐकतेस ना, तेही पायातल्या बेडीवरूनच आलंय.

रोमन सैन्याच्या सामानसुमानाला इम्पेडिमेंटा म्हणायचे, म्हणजे पायात येणाऱ्या वस्तू, किती खरं आहे बघ, तुझ्या त्या दोन सुटकेसेस आठवल्या मला. आणि ते ओझं मागे ठेवून सडेफटिंग निघालेले सैनिक ते एक्स्पेडिटी. एक्स्पेडिशन म्हणजे मोहीम, तो शब्दही याच घरातला.

बरं, पेस परका वाटतो पण नाहीये. आपला पाद, लॅटिन पेडिस आणि इंग्रजी फूट ही सख्खी भावंडं. इंग्रजीत प चा फ झाला आणि द चा ट, तसंच पितृ आणि फादर, दंत आणि टूथ. हे नियमात बसवून 1822 साली मांडलं जेकब ग्रिमने, हो तोच, परीकथावाल्या भावांपैकी थोरला.

आता तुझं वाक्य. एक्स्पेडाइटमध्ये लवकर हे आधीच आलंय, त्यामुळे फास्ट काढ. दुसरं म्हणजे त्याला कर्म लागतं. माझ्या पहिल्या नोकरीत मी एका पत्रात ऐटीत लिहिलं होतं "आय विल एक्स्पेडाइट", फुलस्टॉप. साहेबांनी लाल पेनाने गोल करून बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, व्हॉट? बस, एवढंच. तो कागद कितीतरी दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये होता, बघितला की कान गरम व्हायचे. म्हणून सांगते, अप्रूव्हल एक्स्पेडाइट करा, पेमेंट एक्स्पेडाइट करा, काय ते लिही. माणसाला एक्स्पेडाइट करत नाहीत, कामाला करतात. आणि मैत्रिणीला मेसेज करताना तर हा शब्द नकोच, तिथे लवकर कर गं बाई पुरे, हा कोट घालून ऑफिसात जाणारा शब्द आहे.

तुझ्या मेलमध्ये नेमकं काय अडलंय तेच लिहिलेलं नाहीये. कुणाची सही राहिलीये का, कुठला कागद कमी पडतोय? समोरच्याने खोडा काढायचा म्हणजे तो कुठे आहे ते तरी त्याला दिसू दे. तेवढी एक ओळ वर घाल आणि परत पाठव, बघते.

आणि हो, स्पॅनिशमध्ये याच शब्दाचं भावंड आहे, एक्स्पेदिएन्ते. अर्थ काय माहितीये? ऑफिसातली फाइल! हसून घे आणि जेव वेळेवर.

तुझी
आई