पॅसिफिक महासागरातल्या सामोआची राजधानी आपियाहून आई-बाबांना: इथले सण आणि सुट्ट्या

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, सामोआत सणवार कसले असतात, असे तुम्ही मागे फोनवर विचारले होते. ऑक्टोबरचा दुसरा रविवार नुकताच होऊन गेला, तेव्हा आता सविस्तर लिहिते. तो इथे मुलांचा सण असतो. त्याला 'लोटू तामाईती' म्हणतात. पांढरेशुभ्र कपडे घातलेली मुले चर्चमध्ये जमतात, कित्येक दिवस घोकून पाठ केलेली बायबलमधली वचने सर्वांसमोर उभी राहून म्हणतात, छोटी नाटुकली करतात, आणि एखादे पोर मध्येच अडखळले की बाकावरची त्याची आजी पुढचा शब्द हळूच पुरवते. एरवी इथे ताट आधी वडीलधाऱ्यांपुढे जाते. मुले वाढायला उभी असतात आणि शेवटी जेवतात. या एका दिवशी मात्र मुलांची पंगत आधी बसते आणि घरातली मोठी माणसे त्यांना वाढतात. शेजारच्या आजोबांना नातवंडांच्या पानात आग्रहाने वाढताना पाहून माझे डोळे भरून आले.

आई, त्यांनी वाढली ती पालुसामी तुला नक्की आवडेल. अळूची कोवळी पाने तळहातावर एकावर एक पसरून त्यांचा द्रोण करायचा, त्यात कांदा आणि मीठ घातलेले नारळाचे घट्ट दूध ओतायचे, पुरचुंडी बांधायची आणि ती 'उमू'त भाजायची. उमू म्हणजे तापवून लाल केलेल्या दगडांची, वरून केळीच्या पानांनी झाकलेली भट्टी. ती लावणे हे इथे घरातल्या तरुण मुलग्यांचे काम असते, आणि रविवारी भल्या पहाटेच गावभर तिचा धूर दिसू लागतो.

रविवार तसाही प्रार्थनेत आणि घरच्या जेवणात जातो, म्हणून सरकार या सणाची सार्वजनिक सुट्टी सोमवारी देते. मे महिन्यात आईच्या दिवसानंतरचा सोमवार आणि ऑगस्टमध्ये वडिलांच्या दिवसानंतरचा सोमवारही असाच सुट्टीचा असतो. आई-वडिलांसाठी सारा देश कामकाज बंद ठेवतो, याचे मला फार अप्रूप वाटते. इथल्याही असंख्य घरांतली मुले न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात कामाला आहेत, घरी पैसे पाठवतात आणि सणाला जमेल तसे येतात. तुम्हा दोघांना तिकडे ठेवून मी इथे राहते याची टोचणी मला नेहमीच असते. त्या सोमवारी ती अधिक जाणवते.

रोजची एक रीतही सांगते. गावागावांत संध्याकाळी शंख किंवा घंटा वाजते आणि थोडा वेळ सगळे व्यवहार थांबतात. याला 'सा' म्हणतात. रस्त्यावर कोणी फिरत नाही, घराघरांतून प्रार्थनेचे सूर येतात. आपल्याकडे दिवेलागणीला तुम्ही आम्हांला शुभंकरोतीला बसवायचात, तसेच हे आहे. फक्त इथे अख्खे गाव एकदम बसते.

बाबा, तुम्हांला स्वातंत्र्यदिनाविषयी कुतूहल असेल. सामोआ 1 जानेवारी 1962 रोजी स्वतंत्र झाला, परंतु उत्सव 1 जूनला होतो. संचलने निघतात, आणि चाळीसहून अधिक वल्हेकरी असलेल्या 'फाउतासी' नावाच्या लांबलचक होड्यांच्या शर्यती लागतात. या आनंदामागे मोठे दुःख आहे. न्यूझीलंडच्या अमलाखाली असताना, नोव्हेंबर 1918 मध्ये ऑकलंडहून आलेल्या 'तालुने' जहाजातून इन्फ्लुएंझाची साथ आली आणि देशातली सुमारे एक पंचमांश माणसे दगावली. पुढे स्वराज्यासाठी 'माउ' ही शांततामय चळवळ उभी राहिली. 28 डिसेंबर 1929 रोजी आपियात तिच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात चळवळीचे नेते टुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरे यांचाही बळी गेला. न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी जून 2002 मध्ये इथे येऊन या साऱ्याबद्दल माफी मागितली.

पुढच्या जूनमध्ये तुम्ही दोघांनी यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. तेव्हा पावसाळा संपलेला असतो आणि हवा कोरडी असते. प्रवास लांबचा आहे, म्हणून बाबांच्या गुडघ्यांविषयी आधी डॉक्टरांना विचारा आणि मला कळवा. तिकिटांचे मी पाहते. रविवारी फोन करीनच. इथे दुपारचे तीन वाजतात तेव्हा तुमच्याकडे सकाळचे साडेसात झालेले असतात, तेव्हा चहा घेऊन फोनजवळ बसा.

तुमची लेक