ग्रीसमध्ये मुक्काम नांदत्या गावात करावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ग्रीसच्या सहलीविषयी आलेला लेख वाचला. अथेन्स आणि मिकोनोस, सांतोरिनी ही बेटे यांच्या सौंदर्याबद्दल वाद नाही; आक्षेप आहे तो ही तिन्ही ठिकाणे एका आठवड्यात उरकण्याच्या त्या लेखातील आखणीला. दर दोन दिवसांनी सामान बांधायचे, भल्या पहाटे अथेन्सजवळचे पिरेयस बंदर गाठायचे, बोटीत तासन्‌तास बसायचे आणि नव्या हॉटेलात खोली ताब्यात मिळेपर्यंत पुन्हा ताटकळायचे, यात सुटीचा मोठा हिस्सा वाहतुकीतच खर्ची पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडचा मेल्तेमी वारा जोर धरतो, तेव्हा बोटी उशिरा सुटतात किंवा रद्द होतात आणि पुढची सगळी आरक्षणे कोलमडतात. सांतोरिनीत तर क्रूझने येणाऱ्या प्रवाशांवर दिवसाला ८,००० ची मर्यादा घालण्याची वेळ आली, यावरून तेथील गर्दीची कल्पना यावी.

स्वतःच्या हिमतीने, गाडी न चालवता आणि बेताच्या खर्चात जाऊ इच्छिणाऱ्या मराठी कुटुंबांनी, विशेषतः साठी ओलांडलेल्या जोडप्यांनी, मुख्य भूमीवरील एखाद्या समुद्रकाठच्या गावात एकच मुक्काम ठोकावा आणि तेथून आसपासचा मुलूख पाहावा, असे माझे मत आहे. उदाहरण म्हणून ग्रीसच्या दक्षिणेकडील पेलोपोनीझ द्वीपकल्पातील तोलो हे गाव घेतो, कारण तेथे आम्ही पती-पत्नी राहिलो आहोत. अर्गोलिकोस आखातावरचे हे गाव एकोणिसाव्या शतकात क्रीटमधून आलेल्या निर्वासितांनी वसवले. पुढे मासेमारीवर जगणारे हे गाव गेल्या काही दशकांत पर्यटनावर जगू लागले. तरी बंदरात मासेमारीच्या होड्या आजही आहेत आणि सकाळी धक्क्यावर जाळी निवडत बसलेली माणसेही दिसतात. समोर रोम्वी आणि कोरोनिसी ही बेटे असल्यामुळे पाणी बहुधा शांत असते, किनारा वाळूचा आहे आणि तळ हळूहळू खोल होत जातो. पोहणे बेताचेच येणाऱ्यांना यापेक्षा सोयीचा समुद्र क्वचित मिळेल.

निवांतपणा हवा म्हणून ओसाड टोकावरचे एखादे घर भाड्याने घेण्याचा मोह अनेकांना होतो. छायाचित्रात ते घर फार देखणे दिसते. परंतु तेथे दूध आणायला गाडी लागते, औषधाला गाडी लागते आणि रात्री जेवायला जायचे तरी गाडीच लागते. तोलोत बेकरी, किराणा दुकान, औषधांचे दुकान, बसथांबा आणि जेवणाच्या तावेर्ना हे सगळे पायी अंतरावर आहे. संध्याकाळी गावकरी, त्यांची नातवंडे आणि पाहुणे एकाच रस्त्यावर फेऱ्या मारत असतात आणि रात्री दहालाही लहान मुले आजीचा हात धरून हिंडताना दिसतात. परक्या मुलखात ही जाग मोठा आधार असते. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसल्यामुळे तावेर्नावाले टेबले थेट वाळूत, पाण्यापासून चार पावलांवर मांडतात. आपल्या कोकणात कोणी तसा प्रयत्न केला, तर भरतीला टेबले रत्नागिरीहून शोधून आणावी लागतील.

आता आसपासचे पाहू. दहा-बारा किलोमीटरवर नाफ्प्लिओ हे शहर आहे आणि तोलोहून तेथे स्थानिक बस जाते. १८३४ मध्ये अथेन्सला राजधानी हलवेपर्यंत स्वतंत्र ग्रीसचा कारभार याच शहरातून चालत असे. पहिले राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास यांची १८३१ मध्ये येथील सेंट स्पिरिडॉन चर्चच्या दारातच हत्या झाली आणि दाराशेजारच्या भिंतीत गोळीची म्हणून दाखवली जाणारी खूण काचेखाली जपलेली आहे. शहराच्या माथ्यावर व्हेनिसच्या सत्तेने १७११ ते १७१४ या काळात बांधलेला पालामिदी किल्ला आहे. त्याला ९९९ पायऱ्या आहेत असे सांगतात. मोजणाऱ्यांची संख्या त्याहून कमीच भरते. राजगड-रायगड चढलेल्या माणसाला त्यांचे अप्रूप वाटणार नाही, मात्र उन्हात सावली अजिबात नाही हे ध्यानात ठेवावे.

नाफ्प्लिओपासून मायसीनी हे प्राचीन नगर साधारण पंचवीस किलोमीटरवर आहे आणि टिरिन्स हा तितकाच प्राचीन कोट तर शहराला लागूनच. ही दोन्ही स्थळे १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. मायसीनीच्या सिंहद्वाराखाली उभे राहिल्यावर सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी हे धोंडे कसे चढवले असतील, हा प्रश्न पडतोच. जवळच्या ‘अत्रेयसचा खजिना’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या थडग्याच्या दारावरची एकच शिळा सुमारे १२० टनांची आहे. जर्मन पुरातत्त्वज्ञ श्लीमान याला १८७६ मध्ये मायसीनीतील थडग्यांच्या वर्तुळाकार आवारात सापडलेले सोने, त्यातला प्रसिद्ध मुखवटा धरून, मात्र अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. म्हणून आधी तोलोत राहून मायसीनी पाहावे आणि परतताना अथेन्सला ते संग्रहालय पाहावे, हा क्रम मला अधिक योग्य वाटतो. थडग्यांची वर्तुळे डोळ्यांखालून गेलेली असली की त्या सोनेरी मुखवट्यापुढे पाय आपोआप थांबतो.

नाटकवेड्या मराठी माणसाने केवळ एपिडॉरसच्या प्राचीन प्रेक्षागृहासाठी हा मुक्काम करावा, असे मी आग्रहाने म्हणेन. अस्क्लेपिओस या आरोग्यदेवतेच्या तीर्थक्षेत्रातील हे प्रेक्षागृह ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील असून त्याच्या ५५ रांगांत सुमारे १४,००० प्रेक्षक बसू शकतात. दिवसा गेल्यास मार्गदर्शक रंगभूमीच्या मध्यभागी असलेल्या दगडावर नाणे टाकतो किंवा कागद टरकावतो आणि तो आवाज वरच्या रांगांत ऐकवून दाखवतो. पण त्या जागेची खरी ओळख रात्रीच्या प्रयोगालाच होते. उन्हाळी महोत्सवात, प्रामुख्याने जुलै-ऑगस्टमधील शुक्रवारी आणि शनिवारी, येथे प्राचीन नाटके होतात. ग्रीक शोकांतिकांची मराठी रूपांतरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना कथानक ठाऊक असतेच; नसले तरी इंग्रजी उपशीर्षके असतात. दगडी पायऱ्यांवर दोन-अडीच तास बसायचे असल्याने बसायला काहीतरी मऊ बरोबर न्यावे. महोत्सवासाठी नाफ्प्लिओहून खास बस सुटते, पण ती मध्यरात्रीच्या सुमारास परत येते तेव्हा तोलोची शेवटची बस केव्हाच निघून गेलेली असते. त्या रात्रीपुरती टॅक्सी आधीच सांगून ठेवावी.

आता जेवणाविषयी. शाकाहारी माणसाचे ग्रीसमध्ये हाल होतात हा समज सोडून द्यावा. टोमॅटोत भाजलेले टपोरे पांढरे घेवडे म्हणजे गिगांतेस, बटाटा-वांगी-झुकिनीची भट्टीतली मिसळभाजी म्हणजे ब्रियाम, पिवळ्या डाळीचा घट्ट फावा, पालकाची स्पानाकोपिता, यांवर आठवडा सहज निघतो. गेमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या, पण त्यांत काही ठिकाणी खिमाही असतो, म्हणून विचारून घ्यावे. एक सावधगिरी विशेष महत्त्वाची आहे. तेथे उपवासाच्या पदार्थांना ‘निस्तीसिमो’ म्हणतात आणि त्यांत मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपवासाला ऑक्टोपस, माखली आणि कोळंबी मात्र चालतात. आपल्या साबुदाण्याच्या खिचडीच्या अपेक्षेने कोणी ‘उपवासाचे द्या’ म्हटले, तर ताटात काय येईल याचा नेम नाही.

तोलोत उणिवा आहेत आणि त्या सांगितल्या पाहिजेत. गावातील बऱ्याच इमारती पर्यटनाच्या भरभराटीत उठलेल्या काँक्रीटच्या आहेत. पांढऱ्या भिंती आणि निळे घुमट यांचे चित्र मनात धरून गेलेल्यांची निराशा होईल. मुख्य रस्ता अरुंद असून दुचाक्यांचा आवाज आणि बारमधील संगीत हंगामात उशिरापर्यंत चालते. झोप सावध असलेल्यांनी बंदरापासून दूर, असिनीच्या बाजूला खोली घ्यावी. तिकडे प्राचीन असिनीचा टेकडीवजा कोट आहे आणि स्वीडिश पुरातत्त्वज्ञांनी १९२० च्या दशकात तेथे उत्खनन केले होते. दुपारी तीन ते साडेपाच हा उन्हाळ्यातील अधिकृत शांततेचा वेळ असतो. तेव्हा आपणही वामकुक्षी करावी. उष्णतेची लाट आली की पुरातन स्थळे दुपारी बंद ठेवली जातात, त्यामुळे मायसीनीला सकाळच्या पहिल्या बसनेच गेलेले बरे. तिकडे जाणाऱ्या बस मोजक्या आहेत. परतीची वेळ उतरतानाच चालकाला विचारून घ्यावी.

प्रवास सोपा आहे. अथेन्स विमानतळावरून एक्स ९३ क्रमांकाची बस किफिसोस स्थानकावर नेते. तेथून ‘केटेल’ या आंतरशहर बससेवेची बस कोरिंथचा कालवा ओलांडून साधारण अडीच तासांत नाफ्प्लिओला पोहोचते. खर्चाच्या हिशेबात हॉटेलवरील हवामान शुल्क धरायला अनेकजण विसरतात. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबर या काळात ते प्रत्येक खोलीमागे दर रात्री एक-दोन तारांकित हॉटेलांत २ युरो, तीन तारांकितमध्ये ५, चारमध्ये १० आणि पाचमध्ये १५ युरो असे आहे आणि बहुधा मुक्कामाच्या ठिकाणीच भरावे लागते. सहलीच्या जाहिरातींत त्याचा उल्लेख बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. पुरवणीतील लेखांनी तरी तो स्पष्टपणे करावा.

दिवाळीच्या सुटीत जाण्याचा बेत असणाऱ्यांनी मात्र तारखा नीट पाहाव्यात. ऑक्टोबर संपता संपता तोलोतील बहुतेक हॉटेले आणि तावेर्ना दारे लावून घेतात. दिवाळी नोव्हेंबरात येत असेल, तर त्या वर्षी मुक्काम नाफ्प्लिओत करावा. ते शहर बारा महिने चालू असते.

आपला नियमित वाचक,
कोथरूड, पुणे