पॅनेल भिंतीवर चढण्याआधी

मेढा, जि. सातारा
७ जून

प्रिय वैशे,

फोनवर आपण पाच मिनिटांत बदल्यांवर घसरतो, म्हणून हे लिहूनच कळवते. शाळेला मोठा टच पॅनेल मिळालाय, १५ जूनच्या सुमारास शाळा उघडेल, आणि पहिल्या आठवड्यात त्यावर पोरांना काय दाखवू, असं तू विचारलंस. माझं ऐकशील तर पहिला आठवडा फारसं काही दाखवूच नकोस. पोरांनाच त्यावर येऊ दे.

त्याआधी एक काम कर. बसवायला माणूस येईल तेव्हा स्वतः उभी राहा. ही मंडळी पॅनेल फीत कापणाऱ्या पाहुण्यांच्या उंचीला ठोकतात. फोटो झकास येतो, आणि पहिलीचं पोर टाचा उंच करकरून खालच्या कडेपर्यंतच पोचतं. गावातलं यंदा पहिलीत येणारं एखादं बुटकं पोर बोलावून घे, भिंतीशी उभं करून हात वर करायला लाव आणि तिथं खडूची रेघ मार. निदान अर्धा पॅनेल त्या रेघेच्या खाली आला पाहिजे. समोर खिडकी असेल तर भिंतच बदल. ऊन आलं की चकाकीत काही दिसत नाही.

बालगीतांचं म्हणशील तर मला त्यांचा राग नाही. पण ती लावली की वर्ग चिडीचूप, आणि दारातून डोकावणाऱ्या केंद्रप्रमुखांना वाटतं, काय रमलीत पोरं! अगं, घरी आईच्या मोबाइलवर ती तेच बघत जेवतात. शाळेत येऊन पुन्हा तेच, फक्त पडदा मोठा.

मी आवाजापासून सुरुवात करते. गेल्या जूनमध्ये वरच्या धनगरवाड्यावरचं एक पोरगं आलं. गुलाबाचं फूल घेतलं, पुस्तकं घेतली, पण नाव विचारलं की मान खाली. मी मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून बाकावर ठेवला आणि नावाचा नाद सोडून त्याच्या म्हशींची चौकशी केली. मोरी दूध देते, चांदी मारकी आहे, हे आलं. मग रानात लांब गेलेल्या म्हशीला कसं बोलावतोस म्हटल्यावर त्यानं अशी हाळी घातली की शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात आले. तीच हाळी स्पीकरवर लावली. आधी तो स्पीकरच्या मागं जाऊन बघून आला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "परत लावा." त्यानंतर सगळ्या वर्गालाच बोलायचं होतं.

आता मी प्रत्येक पोराकडून एक चित्र काढून घेते, त्याचा फोटो पॉवरपॉइंटमध्ये टाकते आणि त्याला त्याच पोराचा आवाज जोडते. सकाळी येऊन ज्यानं त्यानं आपल्या चित्रावर जायचं, की आवाज येतो, हजर! माझा टीव्ही साधा आहे, त्यामुळे माऊससाठी रांग लागते. तुझ्याकडे बोटानंच होईल. पोरांचे चेहरे मुद्दाम घेत नाही. आपले काही भाऊबंद पोरांचे व्हिडिओ थेट स्टेटसला टाकतात, ते मला अजिबात पटत नाही.

तुझ्याकडे, कर्नाटकाला लागून असलेल्या जतच्या पूर्व भागात तर याचं सोनं होईल. तुझी निम्मी पोरं घरी कन्नड बोलतात. पाण्याच्या चित्राला दोन आवाज दे: तुझ्या आवाजात 'पाणी', पोराच्या आवाजात 'नीरू'. म्हशीला 'एम्मे', घराला 'मने'. तुझे उच्चार पोरांनीच दुरुस्त करायचे. जूनमध्ये बाईंना शिकवायला मिळालं की ऑगस्टमध्ये बाईंकडून शिकायला ती कुरकुरत नाहीत.

तिसरीच्या पुढच्यांसाठी नकाशा ठेव. उपग्रहाचं चित्र भारतापासून धरायचं आणि सातारा, जावळी, गाव करत शाळेच्या पत्र्यावर उतरायचं. आमच्याकडे पावसात रेंज कधी जाईल नेम नसतो, म्हणून मी ही चित्रं घरून साठवून नेते. उतरल्यावर मी गप्प बसते. ओढा, देऊळ, आपापलं घर ते शोधतात. बामणोलीच्या अंगाच्या एका पोरानं शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, निळ्या पाण्यावर बोट टेकवलं आणि म्हणाला, "इथं आमचं जुनं गाव, आजा सांगतो." त्या धरणावर मी ठेवलेला पाठ बाजूला राहिला, वर्ग त्यानंच घेतला. तुझी पोरं म्हैसाळच्या उपसा सिंचन योजनेचं पाणी कुठवर आलंय आणि कुठं नाही, ते बरोबर काढून दाखवतील बघ.

सुट्टीत काय विसरलं ते तपासायला चाचणीचा कागद पहिल्याच आठवड्यात हातात देऊ नकोस. प्लिकर्स म्हणून ॲप आहे. पोरांकडे काहीही लागत नाही, फक्त छापलेलं एकेक कार्ड. त्यावर काळी चौकटीची नक्षी, प्रत्येकाची वेगळी, आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. उत्तर बी वाटलं तर बी वर येईल असं कार्ड फिरवून धरायचं. आपण मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणाचं काय उत्तर ते आपल्याला कळतं. अक्षर बारीक आणि नक्षी निराळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही हाती लागत नाही. आणि चुकलेलं पोर चारचौघांत उघडं पडत नाही. मला हेच जास्त आवडतं. हातच्याची वजाबाकी निम्म्या वर्गाच्या डोक्यातून उडालीय हे दहा मिनिटांत समजतं. मोबाइलला तेवढी रेंज मात्र हवी.

बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड आहेतच. ते कोड ज्यात उघडतात ते सरकारी दीक्षा ॲप २०१७ ला आलं तेव्हा आपण किती नाकं मुरडली होती! आता मी लागणारे व्हिडिओ आदल्या रात्री उतरवून ठेवते आणि दोन मिनिटांच्या वर एका दमात लावत नाही.

पाचवीला पॅनेलवर बोटानं सही करायला लाव. पण आधी साताऱ्यातल्या एका रजिस्टरचा फोटो मोठा करून दाखव. बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९०० ला राजवाड्याजवळच्या सरकारी शाळेत दाखल झाले, ते आजचं प्रतापसिंह हायस्कूल. रजिस्टरला १९१४ क्रमांकावर नाव आहे, भिवा रामजी आंबेडकर. शाळेनं ते जपून ठेवलंय. दोन बोटांनी ती ओळ मोठी करत नेली की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढं सरकतात. मग प्रत्येकानं आपलं पूर्ण नाव लिहायचं, ते पान साठवायचं आणि एप्रिलमध्ये त्याच पोराला परत उघडून द्यायचं.

हे सगळं करायला आपल्याला वेळ कुठं, असं म्हणशील, आणि खरंच आहे. जूनमध्ये आपला मोबाइल सरकारी पोर्टलवर यू-डायस (शाळेची आकडेवारी), आधार आणि संचमान्यता (शिक्षकांची मंजूर पदं) यांची माहिती भरण्यातच अडकतो. समोर पोरं बसलेली आणि बाई ओटीपीची वाट बघतायत! मी मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगितलंय, पहिला आठवडा दुपारच्या सुट्टीपर्यंत मी पोर्टल उघडणार नाही. कुरकुरले, पण ऐकलं.

आणि पालकसभा लवकर घे. घरात पडदा बंद असेल तर शाळेतल्या पडद्याला किंमत. तुमच्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात, २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद आणि पोरं अभ्यासाला, असा गावानं नियम केला. तुझ्या गावात भोंगा नसला तरी देवळाचा स्पीकर असेलच. सरपंचबाईंशी बोलून बघ, त्या तुझं ऐकतात.

प्लिकर्सची कार्डं मी छापून ठेवलीत. रविवारी जतला जाणाऱ्या भाच्याबरोबर देते, स्टँडवरून घेऊन ये. जाड पुठ्ठ्यावर चिकटव, पण चकचकीत लॅमिनेशन करू नकोस; उजेड परावर्तित झाला की कॅमेऱ्याला नक्षी वाचता येत नाही. नक्षीवर बोटं येऊ द्यायची नाहीत, हेही पोरांना पहिल्याच दिवशी सांग. आणि येताना भाच्याबरोबर तुझ्या पोरांच्या आवाजातले थोडे कन्नड शब्द पेनड्राइव्हवर पाठव. माझी पोरं ऐकून चाट पडतील.

तुझी,
सुनी