शाळेला यंत्रं मिळतात, दुरुस्तीला पैसा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्हा परिषद शाळांची मुलं परीक्षा देऊन ‘इस्रो’ बघायला निघाल्याच्या बातम्या हल्ली अधूनमधून वाचायला मिळतात. पुणे जिल्हा परिषदेनं तर ‘आयुका’ या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेची मदत घेऊन ‘नासा’साठीही मुलं निवडली. वाचून बरं वाटतं, त्यात वाकडं बोलण्यासारखं काही नाही. मला लिहायचंय ते या यादीत नाव न आलेल्या मुलांबद्दल, आणि ती जवळपास सगळीच आहेत.

माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाणबुडी मोटारी, मोनोब्लॉक, गिरणीच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतो. मुलगी गावातल्या जि. प. शाळेत आठवीला आहे, म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे. त्या निमित्तानं शाळेचं विज्ञानाचं कपाट मी उघडं पाहिलंय. गावातल्या बहुतेकांनी ते बंदच पाहिलेलं असतं.

आत बरंच काही आहे. सूक्ष्मदर्शक आहे, विद्युतघंटा आहे, रोबोटिक्सचा एक संच कंपनीच्या पॅकिंगमध्ये तसाच आहे. पट्टीचुंबकं आहेत, पण त्यांना टाचणीसुद्धा चिकटत नाही. पट्टीचुंबकं जोडीनं, उलटसुलट ध्रुव करून, टोकांना लोखंडी पट्ट्या लावून ठेवायची असतात. तशी न ठेवता वर्षानुवर्षं एकावर एक टाकली तर त्यांची ताकद जाते. वापरून खराब झाली असती तर मला वाईट वाटलं नसतं.

हे सगळं कुलपात का, याचं कारण मुख्याध्यापकांचा आळस नाही. प्रत्येक वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढलेली आहे. मुलाच्या हातून सूक्ष्मदर्शकाची काच फुटली तर तिचं निर्लेखन करायला, म्हणजे ती नोंदवहीतून कमी करायला, प्रस्ताव, पाहणी, मंजुरी असा सगळा घोळ. तोवर तपासणीला कोणी आलं की पहिला प्रश्न, वस्तू कुठे आहे? निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेला माणूस ही जोखीम कशाला घेईल? त्यांच्या जागी मी असतो तर मीही किल्ली खिशातच ठेवली असती.

मोठ्या टीव्हीचं तेच. आमच्याकडे व्होल्टेज कधी 170, कधी 260. यंत्र खरेदीच्या यादीत होतं, स्टॅबिलायझर नव्हता. पहिल्याच पावसाळ्यात टीव्ही गेला. वॉरंटी होती तोवर उघडायची परवानगी नव्हती आणि पुरवठादार फोन उचलत नव्हता. वॉरंटी संपल्यावर उघडायला हरकत उरली नाही, पण दुरुस्तीचा खर्च कोणत्या नावाखाली टाकायचा हे कोणालाच सांगता येईना. सध्या तो कापडाखाली आहे. दसऱ्याला पाटीपूजनाच्या वेळी त्याला हार मात्र चुकत नाही.

पैसाच नाही असं कोणी म्हणू नये. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला संयुक्त अनुदान मिळतं. 101 ते 250 पटाच्या शाळेला वर्षाला 50 हजार. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. उरलेल्यात वीजबिल, खडू, रंगरंगोटी, किरकोळ डागडुजी, आणि तेही हप्त्याहप्त्यानं येणार. प्रयोगाच्या सेलचा नंबर लागणार कधी?

केंद्रानं हा प्रश्न ओळखलेला आहे. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबला, म्हणजे शाळेतल्या हातानं करून बघायच्या प्रयोगशाळेला, 20 लाख मिळतात. त्यातले दहा साहित्याला, आणि बाकीचे दहा पाच वर्षं ती चालवायला. म्हणजे निम्मी रक्कम चालवण्यासाठी! ज्यानं कोणी हा हिशेब मांडला त्यानं कधीतरी यंत्र हाताळलेलं असणार. पण ही योजना सहावी ते बारावीचे वर्ग असलेल्या शाळांसाठी. आठवीपर्यंतची आमची शाळा त्यात बसतच नाही.

मग आम्ही मागायचं कोणाकडे? मला वाटतं, ग्रामपंचायतीकडे. राज्यघटनेच्या अकराव्या परिशिष्टात पंचायतींकडे सोपवता येतील असे 29 विषय आहेत. सतरावा विषय प्राथमिक-माध्यमिक शाळांसह शिक्षण, अठरावा तांत्रिक प्रशिक्षण व व्यावसायिक शिक्षण. 1993 पासून हे लागू आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या पाच वर्षांच्या निधीत 60 टक्के पाणी-स्वच्छतेला बंधित होते आणि 40 टक्के अबंधित. हे अबंधित पैसे पगार आणि आस्थापना खर्च सोडून याच 29 विषयांवर वापरायची मुभा होती. आमच्या गावात त्यातून शाळेच्या पटांगणात पेव्हिंग ब्लॉक बसले. चिखल गेला, हे मान्य. पण ‘आमचं गाव, आमचा विकास’ या गावाच्या खर्चाच्या आराखड्यात शाळा म्हटलं की रंग, फरशी, कमान याच्या पुढे कोणाचं डोकं चालत नाही. कारण फरशीचा फोटो निघतो, सेलचा निघत नाही.

मोठ्या शहरांचं बरं आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या पुढाकारानं 2013 मध्ये सायन्स पार्क सुरू झालं, नाशिक महापालिकेचं तारांगण आहे. आम्हाला तसलं काही नको. आठवीच्या पुस्तकात ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ हा धडा आहे, तेवढा हातानं करून बघता आला तरी पुरे.

तो धडा शाळेत सुरू झाला तेव्हा मुलीनं चार-पाच मैत्रिणी दुकानात आणल्या. मोटारीतून काढलेली इनॅमल तार, जाड खिळा, दोन सेल दिले आणि विजेवर चालणारा चुंबक करायच्या कामाला लागलो. मुलींनी खिळ्यावर तारेचे वेटोळे घातले, टोकं सेलला लावली. काही होईना. सेल उतरलेत, खिळा खोटा आहे, दादा फसवतायत, असं सगळं म्हणून झालं. मी गप्प बसलो. शेवटी एकीनं जळक्या मोटारीची तार उचलली, नखानं खरवडली आणि म्हणाली, ‘याला वरून वार्निश असतंय की.’ पॉलिश पेपरनं टोकं घासली, लावली, आणि खिळ्यानं वॉशर उचलला. नंतर वेटोळे वाढवून किती वॉशर उचलतात याची त्यांची चढाओढ लागली, ती गिऱ्हाईक येईपर्यंत. खर्च शून्य, सगळं भंगारातलं.

असं शिकवणं काही माझा शोध नाही. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळसारख्या कोरडवाहू गावात विज्ञान आश्रम काढला. वेल्डिंग, वायरिंग, शेती, अन्नप्रक्रिया अशी गावाला लागणारी कामं करता करता मुलं त्यामागचं विज्ञान शिकतात. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्यानं तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळाही उभी राहिली. त्यांच्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात, ज्याला शाळांतून आयबीटी म्हणतात, आठवड्याचा एक दिवस हातानं कामाचा असतो आणि शिकवायला गावातला कारागीर चालतो. वेल्डर, वायरमन, नर्सरीवाला असे कारागीर बहुतेक गावांत असतात. शाळेच्या फाटकातून आत त्यांना कोणी बोलावत नाही, एवढंच.

आमच्या समितीनं ग्रामपंचायतीला लेखी दिलंय. वर्षाला 15 हजार ‘विज्ञान साहित्य व दुरुस्ती’ म्हणून आराखड्यात धरा. कारागिराचं मानधन वित्त आयोगातून देता येणार नसेल तर घरपट्टीच्या स्वनिधीतून द्या, पंधरवड्यातून एक दिवस पुरे. आणि जिल्हा परिषदेकडे शिफारस करा की ठरावीक रकमेपर्यंतची तूटफूट समितीच्या ठरावानं निर्लेखित व्हावी, म्हणजे कपाटाचं कुलूप निघेल. सरपंचबाई अनुकूल आहेत. ग्रामसेवक, म्हणजे आता ग्रामपंचायत अधिकारी, त्यांचं म्हणणं एकच: ‘दुरुस्तीला लेखाशीर्ष कोणतं टाकू?’ म्हणजे हिशेबात हा खर्च कोणत्या नावाखाली दाखवू?

26 जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय येतोय. एखाद्या ग्रामपंचायतीनं असा खर्च केला असेल आणि तो लेखापरीक्षणात टिकला असेल, तर त्यांनी याच सदरात तसं कळवावं. त्या अंकाचं कात्रण मी ग्रामसभेत वाचून दाखवीन.

आपला,
जि. प. शाळेतील एक पालक, मराठवाडा
(मुलगी त्याच शाळेत असल्यानं नाव छापू नये, ही विनंती.)