कॉपीराइटच्या हरकती-सूचनांवर संस्थांनी गप्प का बसायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सरकार कॉपीराइट कायदा बदलायला काढतं, लोकांकडून हरकती-सूचना मागवतं, आणि धर्मादाय संस्थांचे विश्वस्त म्हणतात हे राजकारण आहे, आपण यात पडायचं नाही. मला हे अजिबात पटत नाही.

जुनी पुस्तकं, मासिकं स्कॅन करणारी संस्था घ्या. लेखक वारला, वारसांचा पत्ता नाही, प्रकाशन कधीच बंद पडलंय, मग परवानगी मागायची कुणाकडे? बर्न करारानुसार, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, पुस्तकावरचा हक्क लेखक गेल्यावर किमान ५० वर्षं राहतो, बऱ्याच देशांत ७०, आणि तोवर कागदाचा भुगा होतो. हे रोज बघणारी माणसं संस्थेत असतात, त्यांनीच सांगितलं नाही तर मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला कळणार कसं? मोठ्या प्रकाशकांचे वकील तर लिहिणारच आहेत, तो त्यांचा हक्कच आहे.

अंध वाचकांसाठी झालेला २०१३ चा माराकेश हा आंतरराष्ट्रीय करार बघा. वर्ल्ड ब्लाइंड युनियन आणि इतर संघटनांनी कित्येक वर्षं पाठपुरावा केला तेव्हा कुठे ब्रेल, ऑडिओ प्रती दर वेळी परवानगी न घेता काढायची आणि दुसऱ्या देशात पाठवायची वाट मोकळी झाली, आणि २०१६ मध्ये करार लागू झाला. आमचं काम फक्त ब्रेल छापायचं असं म्हणून ते घरी बसले असते तर?

राजकारणाचं म्हणाल तर पक्षाचा प्रचार वेगळा आणि कायद्यावर मत देणं वेगळं. इंग्लंड आणि वेल्समधल्या धर्मादाय संस्थांवर देखरेख करणारं चॅरिटी कमिशनसुद्धा हाच फरक करतं, आपल्या उद्दिष्टासाठी कायदा बदला म्हणायला हरकत नाही, पक्षाला पाठिंबा मात्र चालत नाही.

देणगीचा पैसा वकिलांवर जाईल ही काळजी रास्त आहे. पण दोन पानं पुरतात हो, आपलं कुठलं काम कुठल्या कलमामुळे अडलं, किती पुस्तकं पडून आहेत, एवढंच लिहायचं, सरकारने विचारलेले बाकीचे प्रश्न सोडून द्यायचे. दुसऱ्याचं रेडिमेड उत्तर कॉपी-पेस्ट करून पाठवू नये, त्यात आपला अनुभव कुठे असतो? आणि लेखकाच्या पोटावर पाय येईल अशी मागणी तर अजिबात नको.

खरी अडचण मुदतीची असते. सूचनांना मिळतात काही आठवडे आणि विश्वस्तांची मीटिंग तीन-तीन महिन्यांनी, तोवर तारीख उलटून जाते. म्हणून उत्तर पाठवायचे अधिकार एकदोघांना आधीच ठराव करून द्या, आणि जे पाठवाल ते देणगीदारांनाही वाचायला द्या.

आपला,
एक वाचक