बाबांच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनआधी

लंडन

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, काल तुम्ही विचारलंत, "आतडं कापून परत जोडणार, आणि तो जोड धरलाच नाही तर?" आई शेजारी होती म्हणून मी विषय बदलला. पण तुमची शंका खरी आहे.

जोड नुसत्या टाक्यांवर टिकत नाही, दोन्ही टोकांना पोचणाऱ्या रक्तावर टिकतो. तिथे प्राणवायू कमी पडला की जखम भरत नाही आणि काही दिवसांनी जोड गळू शकतो. पोट उघडलेलं असेल तर सर्जनच्या बोटांना आतड्याची ऊब लागते, नाडी कळते. दुर्बिणीत हात आत जात नाही, बरंचसं काम पडद्यावरच्या रंगावर. आणि गुलाबी दिसणारं आतडं दर वेळी धडधाकट असतंच असं नाही.

माझं काम नेमकं इथलं. कोरोनात तुम्ही रोज बोटाला ऑक्सिमीटर लावायचात ना? त्यामागची कल्पना जपानच्या ताकुओ आओयागींची, 1974 ची. ते 2020 च्या एप्रिलमध्ये गेले, त्यांचं यंत्र घरोघरी पोचत होतं तेव्हाच. प्राणवायू भरलेलं रक्त लाल प्रकाश कमी शोषतं, प्राणवायू सोडलेलं जास्त. पण ऑक्सिमीटरला नाडीचा ठोका लागतो. आमचा कॅमेरा दुर्बिणीतूनच प्रकाशाच्या अनेक अरुंद पट्ट्यांत फोटो घेतो आणि ठिपक्याठिपक्याचा प्राणवायू रंगवून दाखवतो. सुई नाही, औषध नाही.

परवा मी माझ्याच बोटाला रबर बँड आवळून ते कॅमेऱ्याखाली धरलं. पडद्यावर लाल बोट हळूहळू निळं झालं. बँड कापला, तर क्षणात पहिल्यापेक्षाही लाल. आई, गजरा करताना तुझ्या बोटाला दोऱ्याचा वळ पडायचा, तो आठवला.

पण आतडं सारखं हलतं, फोटो एकमेकांवर नीट बसत नाहीत. माझी दोन वर्षं त्यातच गेलीत. म्हणून हा कॅमेरा तुमच्या ऑपरेशनला नसेल. मात्र आयसीजीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. हे हिरवं द्रव्य शिरेतून देतात. खास कॅमेऱ्यात रक्त पोचलेला भाग मिनिटाभरात उजळतो, आणि अंधारलेला भाग सोडून पुढे जोड घेता येतो. प्राणवायू त्यात कळत नाही, रक्त पोचतंय का ते कळतं. जोड गळणारच नाही अशी हमी कुठलंच यंत्र देत नाही, हेही तुमच्यापासून लपवत नाही.

मागे सीटी स्कॅनच्या इंजेक्शनने तुमच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, ते आधीच सांगा. त्या इंजेक्शनात आयोडीन असतं, आणि आयसीजीतही थोडं आयोडाइड, म्हणजे आयोडीनचाच एक प्रकार, असतं.

आणि तंबाखूची डबी आजच आईकडे द्या. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जोडाला त्यांचंच रक्त लागणार आहे. मी ऑपरेशनच्या दोन दिवस आधी पोचते.

तुमची,
मनू