रोबोटिक्सचे किट कपाटातून बाहेर कधी येणार?

महोदय,

२०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत ५० हजार अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतःच्या हाताने यंत्रे जोडून पाहायच्या प्रयोगशाळा, उभारण्याची घोषणा झाली. काही विदर्भातल्या खेड्यांच्याही वाट्याला येतील. येवोत. पण आलेले सामान पोरांच्या हातात पडेल का, ही शंका आहे.

आमच्या गावच्या शाळेत रोबोटिक्सचे किट आहे. कपाटात आहे, आणि कपाटाला कुलूप आहे. गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही. एकूणएक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायम जपायच्या सामानाच्या वहीत, चढलेली. तपासणीत एखादा सेन्सर कमी भरला तर भरपाई कोणी करायची? आणि हे सामान तर बिघडणारच. नऊ व्होल्टच्या बॅटरीला एलईडी दिवा, वीज आवरणारा रेझिस्टर न लावता जोडला की जळतो. ठरल्या कोनात वळणारी छोटी सर्वो मोटर हाताने जोर लावून फिरवली की आतल्या प्लास्टिकच्या चाकांचे दाते तुटतात. मातीतली ओल मोजायचा दोन काट्यांचा स्वस्त सेन्सर सतत चालू ठेवला तर गंजतो. पोराने तो एकदा गंजवला की मोजण्यापुरतीच वीज द्यायचा प्रोग्राम तो आपणच लिहायला बसेल.

किटसोबतच्या पुस्तकात मात्र काळ्या पट्टीवरून धावणारी गाडी. प्रदर्शनात बरी दिसते, फोटोही चांगला येतो. इथली पोरं बापासोबत वावरात जागलीला जातात. हरभऱ्यात रानडुकरं शिरली की भोंगा वाजवणारे यंत्र करा म्हटले तर कोण मागे राहील? रात्री थ्री-फेज लाईन आली की मोटर सुरू, एक फेज गेला की बंद, विहीर आटली की बंद, हे स्टार्टरच्या पेटीतले गणित सातवीच्या पोराला सांगावे लागत नाही. कोडिंगची सुरुवात तिथूनच करता येते.

प्रशिक्षणाचे काय सांगावे! पुरवठादाराचा माणूस येतो, दोन तासांत दाखवून जातो. ज्या गुरुजींनी पाहिले त्यांची पुढे बदली होते. त्यापेक्षा तालुक्याच्या आयटीआयचे निदेशक महिन्यातून एकदा आले तरी पुष्कळ. सोल्डरिंग तर गावातला मोटर वाइंडिंगवालाही शिकवेल.

शिक्षण विभागाला विनंती एवढीच की एलईडी, वायर, सेन्सर, लहान मोटर हे खडूसारखे वापरून संपणारे साहित्य धरावे. लॅपटॉप खुशाल डेडस्टॉकला राहू द्या. अटल लॅबच्या २० लाखांच्या अनुदानात निम्मी रक्कम लॅब चालवण्यासाठी असते. साध्या जिल्हा परिषद शाळेला एवढे नको, वर्षाला चार-पाच हजार रुपये पुरतील. आमच्याकडे शाळा उन्हापायी उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर एक परिपत्रक निघायला हरकत नसावी.

– एक पालक,
ता. आर्णी, जि. यवतमाळ